पदवीच्या वर्षांतील झोप, खाणे, पिणे आणि मनाचे स्वास्थ्य

बारावी संपवून कॉलेजात पाऊल टाकले की विद्यार्थ्याच्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी बदलतात. त्यांतली सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे त्याच्या दिवसाचे वेळापत्रक कोणाच्या हातात आहे, ही. रात्री किती वाजता झोपायचे, सकाळी काही खाऊन घर सोडायचे की नाही, संध्याकाळी मैदानावर जायचे की मोबाईल घेऊन पडून राहायचे, मित्राने पुढे केलेला ग्लास घ्यायचा की नाकारायचा, हे सगळे तोवर घर, शाळा आणि शेजार मिळून ठरवत असतात. अठराव्या वर्षानंतर ते हळूहळू एकट्याच्या अंगावर येते. आरोग्याचा अभ्यास करणारे या रोजच्या निवडींना ‘आरोग्यवर्तन’ म्हणतात आणि त्यांचा मनःस्वास्थ्याशी काय संबंध आहे, हे जगभरच्या विद्यापीठांत गेली काही दशके तपासले जात आहे.

हे वय महत्त्वाचे का, याचे उत्तर एका आकडेवारीत आहे. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात असे दिसले, की ज्यांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झाला, त्यांच्यापैकी निम्म्यांना तो चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांना चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेला होता. म्हणजे पदवीची वर्षे या काळाच्या शेवटच्या टप्प्यात येतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत झोप, जेवण व हालचाल यांची घडी विस्कटलेली असते.

गोव्यात ही घडी दोन वेगवेगळ्या प्रकारे विस्कटते. वाळपई किंवा काणकोणहून पणजी-मडगावच्या कॉलेजात येणारी मुलगी पहाटे उठून बस गाठते, संध्याकाळी घरी पोचेपर्यंत दमते आणि अभ्यासाला रात्री बसते. ताळगावच्या पठारावर वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला प्रवास नाही, पण झोपायला सांगणारेही कोणी नाही. दोघांनाही झोप कमीच मिळते. उपाय मात्र एक असू शकत नाही, आणि ‘लवकर निजे, लवकर उठे’ हा सरसकट उपदेश इथेच लंगडा पडतो.

पुढे जाण्यापूर्वी स्वास्थ्य मोजतात कसे, हे समजून घेतले पाहिजे, कारण वर्तमानपत्रांतल्या ‘अमुक टक्के विद्यार्थी तणावाखाली’ अशा बातम्यांचा पाया तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची एक छोटी प्रश्नावली यासाठी फार वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत मला प्रसन्न वाटले, शांत व निवांत वाटले, अंगात उत्साह होता, सकाळी उठताना ताजेतवाने वाटले, आणि माझे दिवस मला रस असलेल्या गोष्टींनी भरलेले होते. या प्रत्येकाला ‘कधीच नाही’पासून ‘सतत’पर्यंत ० ते ५ गुण द्यायचे. एकूण २५ पैकी गुणांना चारने गुणले की शंभरपैकी आकडा मिळतो आणि तो ५० किंवा त्याखाली असेल तर अधिक चौकशी करावी, असा संकेत आहे. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे. तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर तज्ज्ञाने पाहावे, असे मानतात. दोन्हींपैकी कोणतीही प्रश्नावली निदान करत नाही. ती फक्त कोणाला पुढे तपासायचे, ते सुचवते.

आता या यादीत चौथे विधान पुन्हा वाचावे. उठताना ताजेतवाने वाटले का, हा प्रश्न झोपेचाच आहे. नैराश्याच्या प्रश्नावलीतही झोप आणि भूक यांवर एकेक प्रश्न आहे. तेव्हा एखाद्या अभ्यासात ‘कमी झोपणाऱ्यांचे स्वास्थ्य कमी’ असे आढळले, तर त्यातला काही भाग मोजपट्टीतच दडलेला असतो. शिवाय असे बहुतेक अभ्यास एकाच वेळी एकदाच प्रश्न विचारतात. झोप बिघडली म्हणून मन उदास झाले, की मन उदास होते म्हणून झोप उडाली, की परीक्षा आणि घरची ओढाताण यांनी दोन्ही बिघडवले, हे त्यातून ठरवता येत नाही. विद्यार्थी स्वतःविषयी जे सांगतात त्यावरच सगळी भिस्त असते, आणि वर्गात न आलेला, म्हणजे कदाचित सर्वाधिक त्रासात असलेला विद्यार्थी नमुन्यातच नसतो. ही मर्यादा लक्षात ठेवून, ज्यांच्यामागे शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे अशा गोष्टींना अधिक वजन द्यावे, असे मला वाटते. त्यांत झोप पहिली.

झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते, ही मांडणी झुरिचचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली. पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा दाब: आपण जितका वेळ जागे राहतो तितके मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि डोळे जड होतात. दुसरी म्हणजे शरीराचे घड्याळ, जे अंधार-उजेडाच्या आधाराने रात्र केव्हा झाली हे ठरवते आणि त्या सुमारास मेलाटोनिन हे संप्रेरक सोडू लागते. कॉफी साचलेले अ‍ॅडेनोसिन कमी करत नाही. ते मेंदूत जिथे चिकटते त्या जागा कॅफीन अडवून ठेवते, त्यामुळे थकवा असूनही जाणवत नाही. शरीरातले निम्मे कॅफीन बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कडक कॉफीतले निम्मे कॅफीन रात्री अकरालाही रक्तात असते, हे वसतिगृहातल्या प्रत्येकाने एकदा हिशेब करून पाहावे.

घड्याळाची गोष्ट पालकांनी समजून घेण्यासारखी आहे. किशोरवयात हे घड्याळ उशिराकडे सरकू लागते, विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरावर असते आणि त्यानंतर हळूहळू मागे येते. एकोणीस वर्षांच्या मुलाला रात्री दहाला झोप येत नसेल तर त्यात आळसाचा किंवा हट्टाचा वाटा असेलच असे नाही. घड्याळाचा वाटा निश्चित आहे. अडचण अशी, की त्याच्या कॉलेजचा पहिला तास सकाळी साडेआठ-नऊला असतो. १८ ते २५ या वयाला सात ते नऊ तास झोप हवी, अशी शिफारस आहे. बाराला झोपून सहाला उठणारा विद्यार्थी रोज किमान एक तास मागे पडतो आणि ती उधारी रविवारी फेडायला जातो.

ही फेड कशी महाग पडते, ते पाहा. कामाच्या दिवशी बारा ते सहा झोपणाऱ्याच्या झोपेचा मध्य पहाटे तीन वाजता येतो. सुट्टीच्या आदल्या रात्री तोच दोनला झोपून नऊला उठला तर मध्य साडेपाचला सरकतो. फरक अडीच तासांचा, म्हणजे भारत आणि मॉस्को यांच्या वेळेतला फरक. दर शनिवारी मॉस्कोला जाऊन रविवारी रात्री दाबोळी विमानतळावर उतरावे, तशी शरीराची अवस्था सोमवारी सकाळी होते. जर्मन संशोधक टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराला २००६ मध्ये ‘सोशल जेटलॅग’ असे नाव दिले. त्यावर सुट्टीच्या दिवशी पहाटे सहालाच उठण्याची सक्ती करायची गरज नाही. उठण्याची वेळ तासाभराहून अधिक ढळू न देणे आणि उठल्यावर लवकर बाहेरच्या उजेडात जाणे, एवढे केले तरी घड्याळ फार भरकटत नाही. पाऊस थांबलेल्या सकाळी बाल्कनीत उभे राहून चहा घेतला तरी चालते, कारण ढगाळ आकाशसुद्धा खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश देते.

गोव्यातल्या दुपारच्या झोपेविषयी इथेच सांगायला हवे, कारण बाहेरचे लोक तिची थट्टा करतात आणि आपण तिचे नको तितके समर्थन करतो. दुपारी डोळे मिटणे नैसर्गिक आहे. जेवणानंतरच्या तासांत सतर्कता उतरतेच. पंधरा-वीस मिनिटांची डुलकी फायद्याची ठरते. पण कॉलेजातून तीनला येऊन, जेवून, साडेपाचपर्यंत ताणून दिली तर दिवसभर साचलेला झोपेचा दाब खर्ची पडतो, आणि मग रात्री एक वाजता ‘मला निद्रानाश झालाय’ अशी तक्रार सुरू होते.

परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण हा यातला सर्वांत तोट्याचा व्यवहार. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम मेंदू झोपेत करतो. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोपेचे प्रमाण जास्त असते आणि उत्तरार्धात स्वप्नांच्या झोपेचे; दोघींचीही स्मरणासाठी गरज असते. पहाटे चारचा गजर लावणारा विद्यार्थी दोन तास झोप कमी करतो असे त्याला वाटते, पण स्वप्नांच्या झोपेतला मोठा वाटा तो एकदम गमावतो. दिवाळीपूर्वीचे दिवस तर याची परिसीमा असतात. वाड्यावाड्यांवर नरकासुर उभा करण्याचे काम रात्र-रात्र चालते. बांबूचा सांगाडा, कागदाचे थर, रंग, शेजारी कर्णा, आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे त्याला आग लावेपर्यंत कोणी घरी जात नाही. त्याच आठवड्यांच्या आगेमागे सत्रपरीक्षा येतात. ही मजा सोडा, असे मी म्हणणार नाही. चार मित्रांनी मिळून हातांनी काही उभे करणे हे एकटेपणावर चांगले औषध आहे. पाळी लावून रात्री वाटून घेतल्या तर नरकासुरही उभा राहतो आणि पेपरही लिहिता येतो.

झोप बिघडली की बाकीचे मणी आपोआप घरंगळतात. कमी झोपलेल्या माणसाला भूक जास्त लागते आणि ती गोड-तळलेल्याकडे ओढते. सकाळी खायला वेळ उरत नाही, अकराला कॅन्टीनमध्ये समोसा किंवा मिरची भजी-पाव आणि सोबत थंड पेयाची बाटली. त्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. दोन हजार कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गंमत अशी, की गोव्याच्या घरात न्याहारीला जे पूर्वीपासून होते ते पोषणाच्या दृष्टीने उत्तम आहे. उकड्या तांदळाची पेज घ्या: भात कोंड्यासकट उकडताना कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वे दाण्याच्या आत शिरतात, म्हणून सडल्यावरही ती टिकून राहतात. पदेराने, म्हणजे पाववाल्याने, आणलेल्या कोंड्याच्या पोईत मैद्याच्या पावापेक्षा तंतू अधिक असतात. पोईबरोबर पातळभाजी वाटाण्याची किंवा चवळीची असली तर प्रथिनेही मिळतात. त्यामुळे ‘आरोग्यदायी न्याहारी’ म्हणून महागडे ओट्स आणण्याची जाहिरातबाजी मला अनाठायी वाटते.

खाण्याच्या बाबतीत एका गोष्टीकडे अधिक लक्ष द्यायला हवे, ती म्हणजे रक्तक्षय. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३९ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. देशाच्या ५७ टक्क्यांपेक्षा हे कमी असले तरी पाच जणींत दोघी, असा त्याचा अर्थ होतो. वर्गातल्या पन्नास मुलींकडे या नजरेने पाहा. जिना चढताना लागणारी धाप, दुपारी उडणारे लक्ष, चिडचिड, कशातच उत्साह न वाटणे, ही लक्षणे तणावाची किंवा नैराश्याची समजली जातात आणि मुलगी ‘अभ्यासाचा ताण घेते’ या शेऱ्यावर विषय संपतो. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते. प्रौढ स्त्रीचे प्रमाण डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि पुढचे उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत. आहारात तांबडी भाजी, कडधान्ये आणि मासे खाणाऱ्यांच्या घरात तिसऱ्या (शिंपले) असाव्यात, जेवणात लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह शोषले जाते. उलट जेवणाला लागूनच चहा घेतला तर तो लोहाचे शोषण कमी करतो.

हालचालीविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण पुरावा स्पष्ट आहे आणि अंमल तितकाच ढिसाळ. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. त्यासाठी जिमची वर्गणी लागत नाही. भात कापून झाल्यावर मोकळ्या शेतांत फुटबॉल खेळणारी मुले शाळकरी वयात हे प्रमाण सहज ओलांडतात. अठरावे लागले, स्कूटर हाती आली, की बसस्टॉपपर्यंतचे चालणेही जाते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तर बाहेरचा व्यायाम जवळपास थांबतोच, म्हणून कॉलेजचा बॅडमिंटनचा हॉल संध्याकाळी कुलूपबंद ठेवणे हा मला मोठा अपव्यय वाटतो.

मद्याचा विषय गोव्यात टाळून चालत नाही. इथे मद्य विकत घेण्याचे वय १८ आहे, ते स्वस्त आहे, आणि कोणत्याही समारंभात सहज हाताशी असते. पण किती घेतले, याचा हिशेब फार थोड्यांना करता येतो. शुद्ध अल्कोहोलचे दहा ग्रॅम म्हणजे एक प्रमाण-पेय धरतात. पाच टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे २६ ग्रॅम अल्कोहोल असते, आणि आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ असेल तर ४१ ग्रॅम. फेणीचा ६० मिलिलिटरचा पेग साधारण २० ग्रॅम देतो. उन्हाळ्यातले हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाचे पहिल्या धारेचे मद्य, फेणीपेक्षा बरेच सौम्य, पंधरा टक्क्यांच्या आसपास. पण लिंबाचे थंड पेय, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घातली की त्याची धार जिभेला कळत नाही, आणि दोनशे मिलिलिटरचा एक ग्लास २४ ग्रॅम पोटात घालून मोकळा होतो. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच निकाली काढते. कॉफी, आंघोळ किंवा वारा यांनी तो वेग वाढत नाही. मोटार वाहन कायद्यात रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि ती अनेकांना एका बाटलीतच ओलांडता येते. मद्याने झोप लवकर लागते हे खरे, मात्र रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटत राहते.

विद्यार्थी पितात ते बहुतेकदा ‘सगळेच पितात’ या समजुतीवर. अमेरिकेतले संशोधक पर्किन्स आणि बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले, की विद्यार्थी आपल्या सोबत्यांच्या पिण्याबद्दलचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा फार वाढवून धरतात. जो पितो तो नजरेत भरतो, जो घरी बसून अभ्यास करतो तो दिसत नाही. गोव्याची प्रतिमाच मद्याशी जोडली गेल्यामुळे हा गैरसमज इथे दुप्पट होतो. वर सांगितलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात गोव्यातल्या १५ वर्षांवरील सुमारे ३७ टक्के पुरुषांनी मद्य घेत असल्याचे सांगितले. देशाच्या १९ टक्क्यांच्या मानाने हे प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे, आणि तरीही दहांतले सहा पुरुष ‘नाही’ म्हणाले. सांगताना काहींनी हातचे राखले असेल, हे धरूनही ‘गोंयकार म्हणजे पिणारा’ हे समीकरण टिकत नाही. तंबाखूबाबत चित्र अधिक चांगले आहे: २०१६-१७ च्या सर्वेक्षणात गोव्यात सुमारे १० टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, देशात जवळपास २९ टक्के. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे, हे मात्र पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊकच नसते.

हे सगळे वाचून एकदम सर्व सवयी बदलायला निघालेला विद्यार्थी आठवड्यात थकतो. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ९६ जणांनी रोज एक साधी सवय लावून पाहिली. ती अंगवळणी पडायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले, पण कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. एका वेळी एकच सवय धरावी आणि ती आधीपासून ठरलेल्या एखाद्या क्षणाला बांधावी. बसमधून उतरल्यावर पाण्याची बाटली भरणे, रात्रीचे जेवण झाल्यावर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणे, अशी.

पण ज्याचे मनच खचले आहे, त्याला ‘आधी बरे वाटू दे, मग करतो’ असे वाटते. इथे गोव्यातच झालेले एक संशोधन महत्त्वाचे ठरते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्य असलेल्या जवळजवळ पाचशे प्रौढांवर एक उपचार तपासला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णाशी बोलून, त्याने सोडून दिलेली छोटी, अर्थपूर्ण कामे पुन्हा ठरवून करायला लावली: मैत्रिणीकडे जाणे, परसात काम करणे, देवळात किंवा चर्चला जाणे. मन तयार होण्याची वाट न पाहता आधी कृती, हे त्याचे सूत्र. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, आणि केवळ नेहमीची, थोडी सुधारलेली वैद्यकीय सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आलेले दिसले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्या विद्यार्थिनी नव्हत्या, त्यामुळे हेच आकडे कॉलेजला जसेच्या तसे लावू नयेत. तरीही खोलीत कोंडून घेतलेल्या मित्राला ‘सकारात्मक विचार कर’ म्हणण्यापेक्षा ‘साडेपाचला मिरामारला चालायला ये, मी खाली उभा आहे’ म्हणणे अधिक उपयोगी, एवढे त्यावरून म्हणता येते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, झोप-भूक उडाली, वर्ग बुडू लागले, तर सोबत्याचे चालणे पुरेसे नाही. जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलू लागला तर दोन आठवडे थांबायचे नाही. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत मिळवायची. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क, मराठीतही बोलता येते. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या शेजारी मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे, आणि तिथे जाण्यासाठी आजार फार वाढलेला असावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असणे आवश्यक आहे. आपल्या कॉलेजात ती व्यक्ती कोण, कोणत्या खोलीत आणि कोणत्या वेळेत भेटते, आणि ती खोली प्राचार्यांच्या दालनासमोर तर नाही ना, हे विद्यार्थी प्रतिनिधींनी पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावे.